देवाची भाकर भिंतीवर, कामगाराची खापरीवर

इजिप्तचा इतिहास आपल्याला शाळेत चार ओळींत उरकतात. नाईल नदी, पिरॅमिड, ममी, संपलं. पुढे कुणी सिनेमात बघतो, कुणी कॅलेंडरवर. ज्याच्या खिशात पैसा आहे तो विमानाने जातो आणि फोटो काढून येतो. लक्सर नावाच्या गावी एका दिवसाची सहल मिळते. बरोबर गाईड असतो आणि गाईडच्या तोंडी राजांची नावे असतात.

सहलीचा रस्ता ठरलेला आहे. सकाळी नाईलच्या पश्चिमेला राजांची दरी, मग हातशेप्सुत राणीचे देऊळ, जाता-येता मेमनॉनचे दोन दगडी पुतळे. दुपारी नदी ओलांडून पूर्वेला कर्नाकचे देऊळ आणि लक्सरचे देऊळ. संध्याकाळी हॉटेल.

मित्रांनो, आपणही याच रस्त्याने जाऊ. पैसा लागत नाही, पुस्तक लागते. फक्त गाईड बदलू. राजाच्या मागे न चालता, ज्याच्या हातात छिन्नी होती त्याच्या मागे चालू.

राजांच्या दरीत साठाहून जास्त थडगी डोंगराच्या पोटात कोरलेली आहेत. जवळजवळ पाचशे वर्षे हे कोरकाम चालले. १९२२ साली हॉवर्ड कार्टरला तुतानखामेनचे थडगे सापडले आणि सगळ्या जगाने सोने बघितले. गाईड सांगेल की आतले रंग तीन हजार वर्षे टिकले. खरे आहे ते. पण त्याहून नवलाची गोष्ट गाईड घाईत सांगत नाही. ही थडगी कोरणाऱ्या कामगारांची नावे आपल्याला माहीत आहेत. कुणाचा बाप कोण, कुणाची बायको कोण, कुणी किती उधारी केली, कुणी कधी खाडा केला, हे सगळे माहीत आहे. जगात इतक्या जुन्या काळच्या कामगारांबद्दल एवढी माहिती क्वचितच मिळते.

कारण डोंगराच्या अलीकडे त्यांचे गाव आहे. आज त्याला देर अल-मदीना म्हणतात. सहल घाईची असली की हे गाव वगळतात. वगळण्यासारखेच दिसते ते. भोवती एक भिंत, आत एकाला एक लागून ६८ च्या आसपास घरे, मधून अरुंद गल्ली. आपल्या चाळीची आठवण यावी अशी दाटी. गावात विहीर नाही. पाणी खालून गाढवांवर यायचे. दगडकाम करणारे, गिलावा करणारे, चित्रे काढणारे, त्यांचा मुकादम आणि कारकून, सगळे इथेच राहत. टोळीचे दोन भाग होते, उजवा आणि डावा, आणि प्रत्येक भागाला एक मुकादम. दहा दिवसांचा आठवडा. आठ दिवस काम, दोन दिवस सुट्टी. कामाच्या दिवसांत डोंगरावरच्या दगडी खोपटात झोपायचे. तांब्याच्या छिन्न्या सरकारी. त्या वजन करून द्यायच्या आणि वजन करून परत घ्यायच्या. दिव्याच्या वातीसुद्धा मोजून.

हे लोक गुलाम होते काय? नाही. त्यांना घर होते, रोजी होती, कोर्टात उभे राहता येत होते. पण मोकळेही नव्हते. बाप थडगे कोरायचा म्हणून मुलगा थडगे कोरायचा. काम राजाचे, गाव राजाचे, धान्यही राजाच्या कोठारातून.

या गावातले बरेच लोक लिहिते होते. पपायरसचा कागद महाग पडायचा. म्हणून फुटक्या मडक्याच्या खापरीवर आणि चुनखडीच्या कपच्यावर लिहायचे. हिशेब, चिठ्ठी, तक्रार, औषध, गाणे, जे सुचेल ते. काम झाले की फेकून द्यायचे. गावाच्या वरच्या अंगाला एक मोठा खोल खड्डा आहे, त्यात हजारो खापऱ्या मिळाल्या. बेर्नार ब्रुयेर या फ्रेंच संशोधकाने १९२२ ते १९५१ या काळात हे गाव खणून काढले. आणि यारोस्लाव चेर्नी नावाच्या चेक विद्वानाने या खापऱ्या वाचण्यात आयुष्य घातले.

त्यातला एक कपचा लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. ते चक्क मस्टर आहे. दुसऱ्या रामसेसच्या चाळिसाव्या वर्षाचे, म्हणजे इ. स. पूर्व तेराव्या शतकातले. चाळीस कामगारांची नावे, समोर खाड्याची तारीख, वर कारण. आजारी. डोळे आले. विंचू चावला. आईच्या प्रेताची तयारी. घरी बिअर गाळायची आहे. बायकोची किंवा मुलीची पाळी. आणि एक कारण वारंवार येते, वरिष्ठाच्या कामावर. म्हणजे साहेबाचे खासगी काम. आपल्याला ओळख पटायला वेळ लागत नाही.

साहेब कसे होते तेही लिहिलेले आहे. पानेब नावाचा एक मुकादम होता. त्याच्याविरुद्ध वजिराकडे लांबलचक तक्रार गेली. राजाच्या थडग्यातले दगड उचलून त्याने स्वतःच्या थडग्याला लावले, कामगारांना स्वतःच्या कामाला जुंपले, मारहाण केली, बायकांना नासवले, असे आरोप त्यात आहेत. तक्रार करणाऱ्याला स्वतःला मुकादमकी हवी होती, हेही ध्यानात ठेवू. पण कागद लिहिला गेला आणि राहिला.

आता पगार बघा. नाणे नव्हते. पगार म्हणजे धान्य. साध्या कामगाराला महिन्याला चार खार खपली गहू आणि दीड खार सातू. एक खार म्हणजे साधारण ७७ लिटरचे माप. खपलीची भाकर, सातूची बिअर. शिवाय मासे, भाजी, तेल, कापड, सरपण. कुटुंब चालेल इतके होते हे. पण वेळेवर आले तर.

तिसऱ्या रामसेसच्या एकोणतिसाव्या वर्षी, इ. स. पूर्व ११५७ च्या सुमारास, ते वेळेवर येईनासे झाले. त्या वर्षीच्या हिवाळ्यात दुसऱ्या महिन्याच्या दहाव्या दिवशी टोळीने छिन्न्या खाली ठेवल्या. स्मशानभूमीच्या पाच भिंती ओलांडून सगळे खाली आले आणि तिसऱ्या थुटमोसच्या देवळामागे बसले. महिन्याचे अठरा दिवस गेले, आम्ही उपाशी आहोत, हे त्यांचे म्हणणे. मुकादम आणि कारकून आले, शपथा घातल्या, परत चला म्हणाले. गेले नाहीत. दुसऱ्या दिवशी ते रामेसियमच्या दारात गेले. हे दुसऱ्या रामसेसचे देऊळ. तिसऱ्या दिवशी आत शिरले. त्यांनी सांगितले की भूक आणि तहान आम्हाला इथे घेऊन आली आहे. कापड नाही, तेल नाही, मासे नाहीत, भाजी नाही. राजाला कळवा, वजिराला कळवा. तेव्हा कुठे मागच्या महिन्याचे धान्य हातात पडले. चालू महिन्याचे बाकीच होते, म्हणून संप पुढे चालला. पोलिसप्रमुख मेंटमोस हा तर म्हणाला की हत्यारे गोळा करा, दारे बंद करा, बायकापोरे घ्या, मीच तुम्हाला पुढच्या देवळाकडे नेतो.

हा सगळा वृत्तान्त एका पपायरसवर आहे. लिहिणारा बहुधा गावचाच कारकून आमेननख्त. तो कागद आज इटलीत तुरीनच्या संग्रहालयात आहे. लेखी नोंद असलेला जगातला पहिला संप म्हणून त्याचे नाव घेतात.

संप एकदा होऊन मिटला नाही. पुढच्या महिन्यात टोळी पुन्हा भिंतीबाहेर आली. या वेळी त्यांनी जे सांगितले ते मला सगळ्यात मोठे वाटते. आम्ही नुसत्या भुकेपायी आलेलो नाही, राजाच्या या जागेत वाईट गोष्टी घडतात, त्याबद्दल आम्हाला बोलायचे आहे, असा त्यांचा सूर. म्हणजे पोटापासून सुरू झालेली गोष्ट न्यायापर्यंत गेली. पोट भरले की गप्प बसतील असे ज्यांना वाटते त्यांनी हा कागद वाचावा.

वजीर तो (त्याचे नावच तो असे होते) त्या दिवसांत दक्षिणेत आला होता. कशाला? राजाच्या राज्यारोहणाचा जुबिली उत्सव होता, त्यासाठी दक्षिणेकडच्या देवांच्या मूर्ती न्यायला. देव नावेत बसले. कामगारांना वजीर भेटला नाही, त्याचा निरोप भेटला. कोठारातच काही नाही, तरी जे सापडले ते देतो, असा तो निरोप.

कोठारात काही नव्हते? चला, सहलीच्या पुढच्या टप्प्यावर जाऊ. त्याच तिसऱ्या रामसेसचे देऊळ मेदिनेत हाबूला आजही उभे आहे. आत लढायांची चित्रे आहेत. शत्रूंचे हात तोडून ढीग लावलेत आणि कारकून ते मोजतोय. बाहेरच्या भिंतीवर सणांचे मोठे कॅलेंडर कोरलेले आहे. कुठल्या दिवशी कुठल्या देवाला किती भाकरी, किती बिअर, किती बैल, किती बदके, सगळे दगडात. नदीपलीकडे कर्नाकला आमून देवाचे देऊळ. ब्रिटिश म्युझियममध्ये चाळीस मीटरहून लांब असा हॅरिस पपायरस आहे, त्यात या राजाच्या काळातली देवस्थानांची मालमत्ता लिहिली आहे. एकट्या आमूनच्या नावावर ८६,४८६ माणसे, ४,२१,३६२ जनावरे, ४३३ बागा, ८३ नावा, ६५ गावे. जमीन पावणेसहा लाखांहून जास्त एकर. माणसे आणि जनावरे एकाच यादीत, हेही वाचून ठेवा.

आता कळते, संपवाले देवळांमागेच का जाऊन बसले. ते प्रार्थनेला गेले नव्हते. धान्याची कोठारे देवळांत होती. रामेसियमच्या मागे विटांच्या कमानींची ती कोठारे आजही दिसतात. गाईड त्यांच्याकडे बोट दाखवतो आणि बांधकामाचे कौतुक करतो. अन्न होते. ते देवाच्या नावावर चढले होते आणि देवाच्या किल्ल्या पुरोहितांच्या कमरेला होत्या. पुढे शंभरेक वर्षांत आमूनचा मुख्य पुरोहित हेरिहोर याने कर्नाकच्या भिंतीवर स्वतःला राजा म्हणून कोरून घेतले. आश्चर्य कसले त्यात.

इथपर्यंत वाचून आपली छाती फुगते. कामगार जिंकला! थांबा जरा. या गावाला पाणी कोण आणत होते?

भिंतीबाहेर आणखी एक वर्ग होता. पाणके, लाकूडतोडे, कोळी, माळी, कुंभार, परीट. त्यांची नावे हिशेबात येतात ती बहुधा कमी पडलेल्या मालापुढे. इतके पाणी यायचे होते, इतके आले. इतकी लाकडे बाकी. पाणक्याकडे स्वतःचे गाढव नसे. तो ते गावातल्या कामगाराकडून भाड्याने घेई आणि भाड्यापायी कर्जात बुडे. म्हणजे राजापुढे उपाशी बसलेला कामगार पाणक्यापुढे सावकार होता. काही खापऱ्यांवर नुसती कपड्यांची चित्रे आणि पुढे ठिपके आहेत. वाचता न येणाऱ्या परटासाठी ती धुण्याची यादी असावी, असे अभ्यासक मानतात. तुरीनच्या कागदात कोरणाऱ्यांचा आवाज आहे. परटाचा नाही.

ही गोष्ट आपल्याला परकी नाही. मुंबईच्या गिरण्यांत आमच्या माणसाला विणाई खात्यात घेत नव्हते. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, मग विटाळ कसा चालेल? पगार त्या खात्यात जास्त. १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढाऱ्यांपुढे ठेवला, की तुमच्या मागण्यांत आमच्या माणसाची ही मागणी कुठे आहे? संप सगळ्यांचा आणि विणाई खाते काहींचे, हे त्यांना मान्य नव्हते. म्हणून कुठल्याही संपाचा इतिहास वाचताना मी आधी पाणक्याला शोधतो. आजचा सफाईवाला, कंत्राटवाला, बदलीवाला त्या कागदात आहे का, हे बघतो.

सहलीत शेवटच्या दोन जागा राहिल्या. पहिली हातशेप्सुतचे देऊळ. ही बाई स्वतः फॅरो होऊन वीस वर्षे राज्य करून गेली. मेल्यावर काही वर्षांनी तिची नावे आणि चित्रे छिन्नीने खरवडून टाकली. दगडात कोरलेले राणीचे नाव खोडता आले. उकिरड्यात फेकलेली परटाच्या धुण्याची खापरी कुणी खोडली नाही, कारण ती कुणाला दिसलीच नाही.

दुसरी जागा म्हणजे डोंगराचा एक उघडा उतार. तिथे कुर्ना नावाची वस्ती होती, जुन्या थडग्यांच्या अंगावर बांधलेल्या रंगीत मातीच्या घरांची. गोऱ्या संशोधकांसाठी उकरायला आणि पाट्या वाहायला याच भागातले लोक होते. २००६ पासून ही घरे बुलडोझरने पाडली, माणसे दूरच्या नव्या वसाहतीत नेली. प्राचीन कामगाराचे घर जपायचे आणि जिवंत माणसाचे पाडायचे, हाही इतिहासच.

देर अल-मदीनाला सेननेजेम नावाच्या कामगाराचे स्वतःचे थडगे आहे, १८८६ साली सापडलेले. सुट्टीच्या दिवशी या लोकांनी आपापली थडगी रंगवली. भिंतीवर सेननेजेम नांगर धरतोय, बायको ईनेफर्ती मागून बी टाकतेय. परलोकातले शेत आहे ते. पीक माणसाच्या उंचीचे आणि ते मोजून न्यायला कुणी कारकून आलेला नाही. राजांच्या थडग्यांत सोने होते, या थडग्यात माणसाला काय हवे होते ते दिसते.

दोस्तांनो, आपल्या वस्तीत रोज मोर्चे निघतात, जप्त्या येतात, बायका पाण्यासाठी भांडतात, कुणी कामावरून निघतो. ते लिहिता काय? तारीख टाका. नाव टाका. किती दिवसांचा पगार बाकी तो आकडा टाका. कागद चांगला नसला तरी चालेल. आणि ज्याला लिहिता येत नाही त्याच्याजवळ बसून त्याचेही लिहून घ्या, पाणक्याला भिंतीबाहेर ठेवू नका. देवळांच्या भिंती ज्यांच्या ताब्यात आहेत ते त्यांचा हिशेब कोरतीलच. आपला हिशेब आपल्याशिवाय कुणी ठेवणार नाही.