केडंप

लिनक्सचे कर्नल कोसळल्यावर त्या क्षणाची मेमरी जशीच्या तशी जपणारी यंत्रणा. २००५ मध्ये २.६.१३ आवृत्तीत ती दाखल झाली. तिच्या घडणीत आयबीएमच्या बंगळूर केंद्रातील अभियंत्यांचा मोठा वाटा आहे. कोसळलेल्या कर्नललाच स्वतःची मेमरी डिस्कवर लिहायला लावणे धोक्याचे, कारण त्याचे ड्रायव्हरही बिघडलेले असू शकतात. म्हणून संगणक सुरू होतानाच थोडी रॅम राखून तीत दुसरे कर्नल भरून ठेवतात. पहिले कोसळताच केएक्झेक ही लिनक्सचीच सोय बायॉसला वळसा घालून दुसरे चालू करते. बायॉस टळल्याने जुनी मेमरी पुसली जात नाही. साऱ्या रचनेतली खरी चतुराई हीच. ती मेमरी ‘/प्रॉक/व्हीएमकोअर’ या फाइलीच्या रूपात दिसते आणि तिची प्रत ‘क्रॅश’ या साधनाने तपासता येते. राखीव रॅम अपुरी पडली, तर मात्र दुसरे कर्नलही अडते.