वेळूचा तीर आणि कार्बनचा तीर : निफाड परिसराच्या निमित्ताने एक टिपण

नाशिक जिल्ह्याच्या निफाड तालुक्यात नांदूर-मध्यमेश्वर येथे गोदावरी व कादवा या नद्यांचा संगम होतो. तेथील बंधाऱ्यामागच्या पाणथळीत पाणकणसाची व लव्हाळ्याची बेटे माजलेली दिसतात. २०२० साली या पाणथळीस रामसर कराराखाली आंतरराष्ट्रीय महत्त्व लाभले ते पक्ष्यांमुळे. परंतु पाण्याकाठी उगवणाऱ्या अशा पोकळ, सरळ काड्यांचा शस्त्रविद्येच्या इतिहासाशीही निकटचा संबंध आहे. संस्कृतात 'शर' हे एका तृणाचे नाव आहे आणि बाणाचेही आहे. हा केवळ शब्दकोशाचा योगायोग नव्हे.

परंपरागत धनुष्य वापरणाऱ्या हौशी धनुर्धरांत अलीकडे 'लाकडी बाण बरा की कार्बनचा' असा वाद चालतो. प्रस्तुत लेखकाच्या मते हा प्रश्न आपल्याकडे जसाच्या तसा उचलणे योग्य नाही. लाकूड तासून गोल काडी करण्याची रीत प्रामुख्याने युरोपातील. आपल्या भूमीतला बाण मुख्यतः शराचा किंवा वेळूचा. झर्क्सीझच्या सैन्यातील हिंदी तुकडीचे वर्णन करताना हिरोडोटसने सुती वस्त्रे, वेताच्या जातीच्या काडीची धनुष्ये आणि तशाच काडीचे, लोखंडी टोकाचे बाण नमूद केले आहेत. कौटिलीय अर्थशास्त्रात आयुधागाराच्या प्रकरणी वेणु, शर, शलाका, दंडासन आणि नाराच असे बाणांचे प्रकार येतात. टोके लोखंड, हाड किंवा लाकूड यांची. या यादीत वेणु व शर आरंभीच आहेत, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

धनुर्वेदविषयक ग्रंथांतील वर्गीकरण याहून मार्मिक आहे. पुढे जाड असलेला बाण स्त्री, मागे जाड असलेला पुरुष आणि सर्वत्र सारखा असलेला नपुंसक, असे तीन भेद तेथे केले आहेत. पहिला दूर जातो, दुसरा दृढ वस्तू भेदतो, तिसरा लक्ष्यवेधाच्या सरावास उत्तम. वेळूची काडी बुंध्याकडून शेंड्याकडे निमुळती होत जाते; ती कोणत्या बाजूने बसवावी, हा निर्णय कारागिराला घ्यावाच लागे. ग्रंथकारांनी त्या निर्णयालाच नावे दिली, असे मला वाटते. कार्बनची नळी या परिभाषेत निखळ नपुंसक ठरते! गंमत अशी की आजचे धनुर्धर तिच्या अग्रभागी पितळेची भर घालून तिला पुन्हा 'स्त्री' करतात. कारण टोक जड केले म्हणजे सुटताना काडी अधिक लवते.

हे लवणे हाच सर्व प्रकरणाचा गाभा होय. जुन्या धनुष्यास मुठीजवळ खाच नसते. बाण धनुष्याच्या कडेला टेकतो, प्रत्यंचा मात्र मध्याकडे धावते. अशा स्थितीत बाण तिरपा जावयास हवा, पण तो जात नाही; धनुष्यास वळसा घालून, सापासारखा लवत तो पुढे सरळ होतो. अमेरिकन शास्त्रज्ञ हिकमन यांनी १९३० नंतरच्या दशकात अतिवेगवान छायाचित्रांनी, व क्लॉप्स्टेग यांनी १९४३ च्या लेखात हा प्रकार उलगडून दाखविला. काडी फार ताठ असेल तर बाण एका बाजूस झुकतो, फार लवचिक असेल तर दुसऱ्या. म्हणजे बाण नुसता सरळ असून भागत नाही; त्याची लवचीकता त्या विशिष्ट धनुष्याच्या ओढीशी जुळावी लागते. शिवाय भात्यातील सर्व बाण एकमेकांशीही जुळावे लागतात.

येथे कार्बनची सरशी निर्विवाद आहे. एका प्रतीच्या डझनभर नळ्या वजनाने व लवचीकतेने जवळजवळ एकसारख्या असतात, त्या दमट हवेत वाकत नाहीत. वेळूच्या शंभर काड्यांतून तशा बारा निवडावयाच्या म्हणजे अनुभवी बोटांचे काम. परंतु परंपरागत धनुष्यावर कार्बनचा हलकेपणा हा निव्वळ लाभ नाही. हलका बाण वेगाने जातो खरा, पण धनुष्याची शक्ती तो कमी उचलतो. उरलेली शक्ती धनुष्याच्या पात्यांस हादरे देते. जड बाण सावकाश जातो, आवाज कमी करतो आणि जुने धनुष्य सांभाळतो. वाकलेली वेळूची काडी निखाऱ्यावर शेकून सरळ करता येते. कार्बनची नळी एक तर सरळ असते, नाही तर फुटलेली. बारीक तडा नजरेतून सुटला तर सोडताना तिच्या चिरफळ्या हातात घुसतात.

आणि तरीही या दोहोंत नाते आहे. वेळूत बळकट तंतू बाहेरच्या सालीकडे दाट असतात, आत पोकळी असते. कार्बनची नळीही राळेत बांधलेल्या तंतूंची, आत पोकळ अशीच असते. डग ईस्टन यांनी १९३९ मध्ये ॲल्युमिनियमचे बाण करावयास आरंभ केला, त्यापुढे १९८० नंतरच्या दशकात कार्बन आले. कारखान्याने लाकूड सोडून धातू धरला, धातूवरून तो तंतूंकडे आला, आणि घडणीच्या दृष्टीने वेळूपाशी येऊन पोहोचला.

निफाड तालुक्यात भिल्ल व कोळी समाजांची वस्ती आहे. भिल्लांचा तिरकमठा, म्हणजे वेळूचे धनुष्य, बहुधा वेळूच्याच सालीची दोरी आणि लोखंडी पात्याचा तीर, सर्वश्रुत आहे. दक्षिणेस लागून असलेल्या सिन्नर तालुक्यात नांदूर-शिंगोटे येथे ४ ऑक्टोबर १८५७ रोजी भागोजी नाईक यांच्या अनुयायांशी झालेल्या चकमकीत लेफ्टनंट हेन्री मारला गेला. ११ नोव्हेंबर १८५९ रोजी मिठसागर येथे भागोजी नाईकही पडले. हे वृत्तान्त लिहिणारे बंडाचा बीमोड करणाऱ्यांच्या बाजूचे. तिराच्या घडणीकडे पाहण्याचे त्यांना प्रयोजन नव्हते.

कायद्याने मात्र तिराकडे नेमके पाहिले. १८७८ च्या हिंदी शस्त्र कायद्यात 'शस्त्रे' या संज्ञेत धनुष्यबाणांचा नावानिशी समावेश झाला. त्याच वर्षी वन कायदा आला व राखीव रानांतील तोडीवर निर्बंध पडले. तीर आणि तिराची काडी दोन्ही एकाच वर्षी सरकारी नियमनाच्या कक्षेत आली. पुढे १९२७ च्या वन कायद्यात 'वृक्ष' या शब्दाच्या व्याख्येत बांबू घालण्यात आला होता. तो २०१७ च्या दुरुस्तीने वगळला गेला. वनस्पतिशास्त्राला जे गवत, ते कायद्याला नव्वद वर्षे झाड होते.

या परिस्थितीत संग्रहालयांतील व घरोघरीच्या जुन्या तिरांची केवळ लांबी नोंदवून थांबणे पुरेसे नाही. कार्बनच्या नळीची लवचीकता मोजण्याची रीत सोपी आहे : २८ इंचांच्या अंतरावरील दोन टेकूंवर काडी ठेवून मध्यभागी सुमारे ८८० ग्रॅम वजन टांगतात आणि काडी किती झुकली ते इंचाच्या सहस्रांशांत मोजतात, अर्धा इंच झुकली तर तिचा अंक ५००. हीच कसोटी टिकाऊ स्थितीतील, पुरेशा लांबीच्या वेळूच्या काडीस, वजन काळजीने कमी करून व अंक प्रमाणात काढून, लावता येते. काडीचे वजन, पेरांमधील अंतर, जाड टोक पुढे आहे की मागे, आणि पिसे कशाने बांधली आहेत, इतके सोबत नोंदविले तर त्या तिराचे धनुष्य किती ओढीचे असावे याचा अंदाज धनुष्य हाती नसतानाही बांधता येईल.