ऑनलाईन जाहिरात आणि जनसंपर्क : विश्वासार्हता हेच भांडवल

जाहिरात म्हणजे पैसे मोजून मिळवलेली जागा, तर जनसंपर्क म्हणजे वागणुकीतून मिळवलेला लौकिक. छापील माध्यमांत ही दोन खाती वेगळी होती. बातमी कोणती आणि जाहिरात कोणती, हे वाचकाला चौकटीवरून कळे. समाजमाध्यमांत ती चौकट पुसट झाली आहे. व्यावसायिकाची जाहिरात, अनोळखी ग्राहकाचा अभिप्राय आणि इन्फ्लुएन्सरची चित्रफीत एकाच पडद्यावर दिसते. म्हणूनच ऑनलाईन व्यवसायात विश्वासार्हतेला भांडवलाचे मोल आले आहे.

नोंद : पर्यटक गोव्यातील खानावळ किंवा होमस्टे प्रथम गुगलच्या नकाशावर शोधतो. तेथील नोंद आपल्या ताब्यात घेऊन पत्ता, वेळा, दूरध्वनी आणि छायाचित्रे अद्ययावत ठेवणे ही पहिली पायरी होय. त्यासाठी शुल्क पडत नाही. पावसाळ्यात बंद असलेली खानावळ नकाशावर उघडी दिसली, तर दारातून परतलेला ग्राहक तो राग अभिप्रायात नोंदवतो.

अभिप्राय : विकत घेतलेली स्तुती हा सोपा वाटणारा, परंतु घातक मार्ग आहे. भारतीय मानक ब्युरोने २०२२ मध्ये ऑनलाईन अभिप्रायांसाठी ‘आयएस १९०००’ हे ऐच्छिक मानक जाहीर केले. प्रतिकूल अभिप्रायाला संयमाने, चूक असल्यास ती मान्य करून आणि केलेली दुरुस्ती सांगून उत्तर द्यावे. ते उत्तर तक्रारदाराइतकेच पुढे येणारे शंभर ग्राहकही वाचत असतात.

इन्फ्लुएन्सर : केंद्र सरकारच्या जानेवारी २०२३ च्या मार्गदर्शिकेनुसार केवळ मानधनच नव्हे, तर मोफत वस्तू, सवलत, सहल किंवा हॉटेलातील वास्तव्य हेही हितसंबंध ठरतात आणि ते ठळकपणे उघड करावे लागतात. हॅशटॅगांच्या गर्दीत दडवलेला उल्लेख चालत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी उत्पादकाला किंवा पुरस्कर्त्याला १० लाख रुपयांपर्यंत, तर पुन्हा गुन्हा घडल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो.

अस्सलपणा : काजू फेणीला २००९ मध्ये, तर बेबिंका आणि गोव्याच्या मानकुराद आंब्याला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. असे मानांकन ही ऑनलाईन विक्रीतील मोठी जमेची बाजू आहे. मात्र ते वापरण्याचा हक्क नोंदणीकृत उत्पादकांनाच असतो. तेव्हा आपल्या उत्पादनाची नोंदणी आधी करावी आणि मानांकनाचा उल्लेख नंतर.

मोठ्या कंपनीचे एखादे खोटे पुढच्या जाहिरातीखाली झाकले जाईलही. गावातल्या छोट्या व्यावसायिकाला ती चैन परवडणारी नाही. त्याचे नाव हीच त्याची जाहिरात असते.