पदवीची वाट आणि महाविद्यालयांची सांगड : मुंबई विद्यापीठाच्या संदर्भात एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना

भिवंडी तालुक्यातील मानकोली हे मुंबई-नाशिक महामार्गावरील गाव. भातशेतीच्या जागी उभी राहिलेली गोदामे ही आज या परिसराची ओळख होय. अशा गोदामांत पाळीने काम करून पदवीचे शिक्षण घेणारा तरुण या भागातील शिक्षकांना अपरिचित नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 अन्वये एका संस्थेत मिळविलेले श्रेयांक दुसऱ्या संस्थेत नेण्याची, शिक्षण मध्येच थांबवून पुन्हा सुरू करण्याची आणि दोन संस्थांच्या सहकार्याने अभ्यासक्रम पूर्ण करण्याची सोय या विद्यार्थ्यासमोर आली आहे. ही सोय सर्वस्वी नवी आहे काय, हा प्रश्न प्रस्तुत निबंधात इतिहासाच्या आधारे तपासला आहे.

1857 ची रचना

मुंबई विद्यापीठाची स्थापना 18 जुलै 1857 रोजी लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर झाली. हे विद्यापीठ प्रारंभी स्वतः शिकवीत नसे. शिकविणे महाविद्यालयाचे आणि परीक्षा घेऊन पदवी देणे विद्यापीठाचे, अशी कामाची वाटणी होती. संलग्न संस्थेने अभ्यासक्रम पूर्ण केल्याचे प्रमाणपत्र दिल्याखेरीज, सिनेटच्या खास आदेशाचा अपवाद वगळता, उमेदवारास पदवी परीक्षेस बसता येत नसे. ‘टर्म भरणे’ हा आपल्या महाविद्यालयीन भाषेतील शब्दप्रयोग याच व्यवस्थेची आठवण देतो. 1862 साली महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक हे पहिले चार पदवीधर झाले. त्यांची पदवीही या अर्थाने दोन संस्थांनी मिळून दिलेली होती.

गोखले यांचा मार्ग

या रचनेचा लाभ कसा होई, याचे बोलके उदाहरण म्हणजे गोपाळ कृष्ण गोखले. मॅट्रिकनंतर त्यांनी कोल्हापूरचे राजाराम कॉलेज, पुण्याचे डेक्कन कॉलेज आणि मुंबईचे एल्फिन्स्टन कॉलेज अशा तीन ठिकाणी शिक्षण घेऊन 1884 साली बी.ए. पदवी संपादन केली. तिन्ही महाविद्यालये एकाच विद्यापीठाच्या कक्षेत असल्यामुळे अभ्यासक्रम आणि परीक्षा समान होत्या. एका ठिकाणी भरलेली टर्म दुसऱ्या ठिकाणी वाया जात नसे. मात्र या वाटचालीचा खर्च विद्यापीठाने उचललेला नव्हता. थोरले बंधू गोविंदराव यांनी 15 रुपयांच्या मासिक पगारातून 8 रुपये धाकट्या भावास पाठविले, ही हकीकत सर्वपरिचित आहे. नियमाने वाट मोकळी केली; ती चालण्याचा भार कुटुंबाने वाहिला.

खंड आणि पुनःप्रवेश

दुसरे उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे. एल्फिन्स्टन कॉलेजमधून पदवीधर झाल्यावर बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर ते 1913 मध्ये न्यूयॉर्क येथील कोलंबिया विद्यापीठात गेले. 1915 मध्ये एम.ए. झाल्यानंतर 1916 मध्ये त्यांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये प्रवेश घेतला. ही संस्था लंडन विद्यापीठाचा घटक असल्याने पदवी त्या विद्यापीठाची मिळणार होती. शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने 1917 मध्ये त्यांना शिक्षण अर्धवट सोडून परतावे लागले. तथापि चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुढे चालू ठेवण्याची परवानगी त्यांना मिळाली होती. मधल्या काळात मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून त्यांनी पैसा जमविला, 1920 मध्ये ते लंडनला परतले, 1921 मध्ये एम.एस्सी. व 1923 मध्ये डी.एस्सी. झाले. ज्याला आज ‘बहुविध प्रवेश व निर्गमन’ म्हटले जाते, त्याचे हे शतकापूर्वीचे रूप होय. ती परवानगी मिळाली नसती, तर लंडनमध्ये केलेला अभ्यास पदवीपर्यंत पोहोचला असता असे म्हणता येत नाही.

विद्यमान व्यवस्था

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या डिसेंबर 2022 च्या आराखड्यानुसार पहिल्या वर्षाअखेर 40 श्रेयांकांवर प्रमाणपत्र, दुसऱ्या वर्षाअखेर 80 वर पदविका, तिसऱ्या वर्षाअखेर 120 वर पदवी आणि चौथ्या वर्षाअखेर 160 वर ऑनर्स पदवी मिळते. पहिल्या दोन टप्प्यांवर बाहेर पडणाऱ्यास उन्हाळी सुट्टीत 4 श्रेयांकांचे व्यावसायिक काम वा प्रशिक्षण पूर्ण करावे लागते. बाहेर पडलेल्यास तीन वर्षांत परत येता येते आणि एकूण सात वर्षांत पदवी पूर्ण करावी लागते. श्रेयांकांची नोंद ठेवण्यासाठी 2021 पासून शैक्षणिक श्रेयांक पेढीची तरतूद झाली आहे.

याच काळात महाराष्ट्रात समूह विद्यापीठे अस्तित्वात आली. 2019 मध्ये मुंबईत विज्ञान संस्था, एल्फिन्स्टन, सिडनहॅम आणि सेकंडरी ट्रेनिंग कॉलेज यांचे मिळून डॉ. होमी भाभा राज्य विद्यापीठ झाले. 2020 मध्ये के.सी., एच.आर. आणि बॉम्बे टीचर्स ट्रेनिंग कॉलेज यांचे एच.एस.एन.सी. विद्यापीठ झाले. समूहातील महाविद्यालयांना एकत्र अभ्यासक्रम चालविणे यामुळे सुलभ झाले, हे मान्य करावे लागेल.

परंतु इतिहासाच्या संदर्भात एक विसंगती नजरेस येते. गोखले कोल्हापूरहून मुंबईस आले तेव्हा त्यांनी विद्यापीठ बदलले नव्हते. आज कोल्हापूर 1962 मध्ये स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठाच्या क्षेत्रात आहे, डेक्कन कॉलेज 1990 पासून अभिमत विद्यापीठ आहे आणि एल्फिन्स्टन समूह विद्यापीठात आहे. भिवंडीतील मुंबई विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयातून एल्फिन्स्टनला जाऊ इच्छिणारा विद्यार्थीही आता एका विद्यापीठातून दुसऱ्यात जातो. संस्थांची सांगड समूहाच्या आत घट्ट झाली, पण समूहाबाहेरच्या विद्यार्थ्यासाठी एक सीमा वाढली. ही सीमा ओलांडण्याची मदार श्रेयांक पेढीवर आहे. पेढीत श्रेयांक जमा असणे आणि नव्या संस्थेने ते आपल्या अभ्यासक्रमातील विषयांशी समकक्ष मानणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिली नोंदीची बाब आहे, दुसरी अभ्यास मंडळाच्या निर्णयाची.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे दिसून येते की, पदवीची वाट अनेक संस्थांतून जाऊ शकते ही कल्पना आपल्याकडे विद्यापीठाइतकीच जुनी आहे. टर्मच्या जागी श्रेयांक आला, तरी एका संस्थेचे प्रमाणपत्र दुसरीने मान्य करावे हे मूळ सूत्र बदललेले नाही. पूर्वी ती मान्यता समान परीक्षेमुळे आपोआप मिळे. आता ती प्रत्येक वेळी मिळवावी लागते. म्हणून समकक्षतेचे तक्ते प्रवेशापूर्वी प्रसिद्ध करणे, विद्यार्थ्याच्या अर्जावर ठरावीक मुदतीत निर्णय देणे आणि नकार दिल्यास कारण लेखी कळविणे या तीन गोष्टी महाविद्यालयांनी कर्तव्य म्हणून स्वीकारल्या पाहिजेत. अभ्यास मंडळांवर काम करणारे आपण शिक्षकच आहोत. त्यामुळे ही जबाबदारी शासनावर ढकलून चालणार नाही. आंबेडकरांच्या हाती चार वर्षांची परवानगी होती. मानकोलीच्या गोदामात काम करणाऱ्या विद्यार्थ्याला तीन वर्षे मिळाली आहेत. तो परत येईल तेव्हा त्याचे 40 श्रेयांक 40 च राहिले पाहिजेत.