दख्खनचा लांडगा आणि माळरानावरील राखण

दख्खनच्या जुन्या कागदांत वतनें, तंटे, स्वाऱ्या व दुष्काळ यांच्या नोंदी जितक्या विपुल, तितक्याच रानांतील जनावरांच्या विरळ. तथापि ज्या देशाचा मोठा भाग माळरान आहे, व ज्या रयतेचा मोठा आधार कळप आहे, त्या देशाच्या इतिहासांत लांडग्यास स्थान नसावें हें संभवत नाहीं. छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचें औरंगाबाद, या जिल्ह्यांत वैजापूर, गंगापूर, पैठण या बाजूंच्या कोरड्या माळांवर धनगरांचे वाडे उतरतात. आणि कळपामागें लांडगा हें तर ठरलेलेंच. त्याच्यापासून माणसानें आपला व आपल्या मेंढरांचा जीव कसा राखला, याचा विचार प्रस्तुत लेखांत केला आहे. आमचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, लांडग्याचें भय वाढतें तें मुलूख ओस पडल्यानें व राखण मोडल्यानें. आणि तें टळतें तें शिकारीच्या बक्षिसापेक्षां वस्तीनें व राखणीनें.

प्रथम जनावराची ओळख नीट असली पाहिजे. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्यानें दख्खनच्या सस्तन प्राण्यांची यादी १८३१ सालीं लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेच्या वृत्तांतांत प्रसिद्ध केली. तींत त्यानें येथील लांडग्यास ‘फिक्या पायांचा’ अशा अर्थाचें शास्त्रीय नांव दिलें, व ‘लांडगा’ हें मराठी नांवही टिपून ठेविलें. हें जनावर उघड्या, खडकाळ मैदानांत पुष्कळ आढळतें, घाटांतील जंगलांत नाहीं, हें त्याचें निरीक्षण महत्त्वाचें आहे. वाघ अरण्याच्या आश्रयानें राहतो. लांडगा मात्र गांवाच्या शिवारास लागून असलेल्या गवताळ माळावरच नांदतो. काळवीट, ससा, शेळी, मेंढी हें त्याचें भक्ष्य. कोळसुंदा हें तांबड्या रंगाचें रानकुत्रें व तरस हीं दोन्ही जनावरें त्याहून निराळीं. जुना कागद वाचतांना यांची गल्लत होऊं देऊं नये.

आतां इतिहासाकडे वळूं. मलिक अंबरानें १६१० सालीं वसविलेली खडकी हेंच पुढील औरंगाबाद. अंबर १६२६ सालीं वारला, आणि पुढील सात वर्षांत निजामशाहीची दाणादाण उडाली. १६३० ते १६३२ या काळांत दख्खन व गुजराथ यांवर जो भयंकर दुष्काळ कोसळला, त्याचें वर्णन अब्दुल हमीद लाहोरीच्या बादशाहनाम्यांत आहे. १६३३ सालीं दौलताबादचा किल्ला मोंगलांनीं घेतला. त्याच धामधुमींत आदिलशाही सरदार मुरार जगदेव यानें पुणें जाळून उध्वस्त केलें. म्हणजे खडकीपासून पुण्यापर्यंतच्या मुलखावर लढाई व दुष्काळ यांचा एकदमच घाला पडला होता.

शहाजीराजांच्या जहागिरीचा कारभार दादाजी कोंडदेव यांच्याकडे आला तो या पार्श्वभूमीवर. सह्याद्रीच्या सोंडांवर लांडगे माजून माणसें खात व त्यामुळें शेती होईना. म्हणून दादाजींनीं लांडगे मारणाऱ्या डोंगरी लोकांस बक्षिसें लाविलीं, आणि खोऱ्यांत येऊन जमीन करणारांस सारा अगदीं हलका ठेविला, अशी हकीकत जदुनाथ सरकारांनीं आपल्या शिवचरित्रांत दिली आहे. ती समकालीन पत्रांतील नव्हे, उत्तरकालीन बखरींच्या परंपरेंतील आहे, हें ध्यानांत ठेविलें पाहिजे. परंतु तिचा गाभा असंभाव्य वाटत नाहीं. या हकीकतींतील बक्षिसाचा भाग वाचकांच्या सहज लक्षांत राहतो. हलक्या साऱ्याचा राहत नाहीं. आमच्या मतें मर्म दुसऱ्या भागांत आहे. बक्षिसानें लांडगा मरतो. पण मोकळें पडलेलें रान वस्तीखालीं आल्यावांचून दुसरा लांडगा येण्याचें थांबत नाहीं.

राखणीची परंपरा तर याहून फार जुनी आहे. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलांत ऋज्राश्वाची कथा आली आहे. त्यानें शंभर मेंढे लांडगीस देऊन टाकिले म्हणून बापानें त्यास आंधळें केलें, व पुढें अश्विनांनीं त्यास दृष्टि दिली. कळप लांडग्याच्या तोंडीं देणें हा केवढा अपराध मानला जाई, तें यावरून दिसतें. आपल्याकडे धनगरांनीं हीच राखण शास्त्रासारखी बसविली. सांज होतांच मेंढरें वाघरींत, म्हणजे खुंटांवर ताणलेल्या जाळ्याच्या कुंपणांत, कोंडावयाचीं. कोंकरें डालग्याखालीं झांकावयाचीं. कुत्रीं बाहेरच्या अंगास ठेवावयाचीं. आणि माणसांनीं आळीपाळीनें जागल करावयाची. यांत लांडग्यास मारण्याचा खटाटोप नाहीं. त्यास संधि न देण्याची दक्षता आहे.

माणसाच्या जिवाचीही गोष्ट अशीच आहे. निरोगी लांडगा सहसा मोठ्या माणसाच्या वाटेस जात नाहीं. माळावर तो समोर आला तर पाठ फिरवून पळूं नये. त्याच्याकडे तोंड ठेवून, काठी उगारून, मोठ्यानें ओरडत हळूहळू मागें सरावें, व लहान मूल बरोबर असल्यास त्यास उचलून घ्यावें. खरा धोका एकट्यादुकट्या मुलांस असतो. पूर्व उत्तर प्रदेशांत १९९६ सालीं लांडग्यांनीं मुलें उचलून नेण्याचा जो प्रकार घडला, त्यांत बळी पडलेलीं बहुतेक दहा वर्षांखालील होतीं; २०२४ सालीं बहराइच जिल्ह्यांतही तसेंच संकट आलें. दुसरा धोका पिसाळलेल्या लांडग्याचा. १८८६ सालीं रशियांतील स्मोलेन्स्क येथून अशा लांडग्यानें चावलेले १९ लोक पॅरिसला पाश्चर यांच्याकडे नेले होते. लस टोंचल्यावर त्यांपैकीं १६ वांचले. आजही चावा होतांच जखम साबण व वाहत्या पाण्यानें पंधरा मिनिटें धुवावी, आणि विलंब न लावतां इस्पितळांत लस व रक्तद्रव टोंचून घ्यावें, हाच उपाय आहे.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें लांडग्यास अभय मिळालें. एके काळीं लांडगा मारणारास कारभाऱ्यानें द्रव्य दिलें. आज लांडग्यानें मारलेल्या मेंढराबद्दल सरकार धनगरास भरपाई देतें. साऱ्या हिंदुस्थानांत हीं जनावरें आतां सुमारें तीन हजारच उरलीं आहेत, आणि माळ नांगराखालीं व कारखान्यांखालीं जात असल्यानें धनगराची चराई व लांडग्याचें रान एकदमच आटत आहे. वाड्याबरोबर राखणीचें ज्ञानही नष्ट होईल. आणि तें कोठें ग्रंथांत लिहिलेलें नाहीं. म्हणून आमच्या संग्राहक बंधूंस विनंति आहे कीं, गांवोगांवचे हिशेब, महजर व कैफियती चाळतांना ‘लांडगा’, ‘वाघर’, ‘मेंढरें मेलीं’ अशा क्षुल्लक वाटणाऱ्या ओळी टाकून देऊं नयेत. त्या तारीख व गांव यांसह उतरून घ्याव्या. कोणत्या सालीं कोणता मुलूख ओस होता, याची साक्ष तहनाम्यांपेक्षां अशी एखादी ओळच कदाचित् अधिक खरी देईल.