मोजलं ते कोणतं नसणं?

अन्नजाळ्यात कोणती जात महत्त्वाची, हे ठरवायचं कसं? आपले नैयायिक सांगतील, व्यतिरेक बघा: ती नसली की आणखी काय काय नसतं?

१९६३ साली रॉबर्ट पेन यांनी अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्याच्या किनाऱ्यावर नेमकं हेच सुरू केलं. खडकाच्या एका पट्ट्यावरचे तारामासे ते काढत राहिले; शेजारचा पट्टा तसाच ठेवला. शिंपल्यांना खाणारं कुणी उरलं नाही, शिंपल्यांनी खडक व्यापला, आणि १५ जातींच्या जागी ८ राहिल्या.

पण प्रत्येक जात अशी काढून बघणार कशी? म्हणून आकडेमोड आली. २००९ मध्ये ॲलेसिना आणि पास्कुआल यांनी गूगलची पानांना क्रम लावणारी रीत अन्नजाळ्याला लावली. कोणती जात गेली तर इतर किती जातींचं अन्न तुटेल, याचा अंदाज त्यातून येतो.

आता गंमत बघा. या हिशेबात पेन यांचा तारामासा अगदी तळाशी जाईल. त्याच्यावर पोट असणारं तिथं फारसं कुणी नाही! तो कुणाला पोसत नाही. शिंपल्यांना आवरतो, इतरांना जागा ठेवतो. उपासमार मोजणाऱ्या मापाला ही राखण दिसत नाही.

म्हणून कोणती जात आधी वाचवायची याची यादी समोर आली, की विचारा: यात मोजलं ते कोणतं नसणं?