शिक्षकांनी वाटाघाटी करायच्या कुणाशी?

म्हैसूरमध्ये शिक्षक संघटनेच्या कार्यकर्त्यांसाठी मी वाटाघाटींची शिबिरे घेतो. मागण्यांचा मसुदा, बैठकीतली बोलणी, कुठे ताणायचे आणि कुठे सोडायचे, हे सगळे त्यांत असते. पण सुरुवात मी इतिहासापासून करतो. कारखान्यातल्या युनियनचे डावपेच शाळेत जसेच्या तसे का चालत नाहीत, याचे उत्तर तिथे आहे.

दिल्ली विद्यापीठाच्या बसचालकांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६३ साली सांगितले की, शिक्षण हा उद्योग नव्हे. १९७८ साली बंगळूरच्या पाणीपुरवठा मंडळाच्या खटल्यात सात न्यायमूर्तींच्या पीठाने ते मत बदलले आणि शिक्षणसंस्था 'उद्योग' ठरल्या. शिक्षकांना वाटले, आता कामगार कायद्याचे दार उघडले.

ते उघडले नाही. गोव्यात नोकरी गेलेल्या एका शिक्षिकेचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोहोचले. १९८८ च्या निकालात न्यायालय म्हणाले की, शाळा उद्योग असली तरी शिक्षक 'कामगार' नाही. शिकवणे हे कायद्यातल्या अंगमेहनतीच्या, कुशल किंवा कारकुनी कामात बसत नाही. म्हणजे शाळेचा कारकून औद्योगिक विवाद उभा करू शकतो, शिक्षक मात्र नाही. शिक्षकांसाठी वेगळे संरक्षण हवे, हेही न्यायालयाने नोंदवले.

तसे संरक्षण राज्यांच्या कायद्यांतून मिळते. महाराष्ट्रात खासगी शाळांतील कर्मचाऱ्यांचा १९७७ चा कायदा आणि त्याखालची शाळा न्यायाधिकरणे आहेत. कर्नाटकात १९८३ चा शिक्षण कायदा आहे. शिवाय दोन्ही राज्यांत विधान परिषदेवर शिक्षकांचे प्रत्येकी सात आमदार निवडून जातात. म्हैसूर दक्षिण शिक्षक मतदारसंघात येते. मात्र हा मताधिकार माध्यमिक आणि त्यावरील संस्थांतल्या शिक्षकांनाच आहे; प्राथमिक शिक्षक त्याबाहेर राहतात.

ग्रॅच्युइटीचा प्रश्न शिबिरात मी सविस्तर सांगतो. २००४ साली शिक्षक सर्वोच्च न्यायालयात हरले. २००९ मध्ये संसदेने कायदा दुरुस्त केला आणि ३ एप्रिल १९९७ पासून तो लागू केला. खासगी शाळांनी दिलेले आव्हान २०२२ मध्ये फेटाळले गेले.

म्हणून कार्यकर्त्यांना मी प्रत्येक मागणीपुढे एक रकाना आखायला सांगतो: हे देण्याचा अधिकार कोणाकडे आहे? संस्थाचालकाकडे, शिक्षण खात्याकडे, विधिमंडळाकडे की संसदेकडे? मुख्याध्यापकांच्या दालनात वेतनश्रेणीवर भांडण्यात वर्षे जातात, कारण ती ठरते सरकारी आदेशाने. रकाना भरला की शिष्टमंडळ कुठे न्यायचे, ते कळते.